पुण्यात समुद्रपक्षी दिसला म्हणे! खरं धरायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरबी समुद्रात वादळ उठलं किंवा जूनचा वारा सुटला की आपल्याकडे ठरलेले निरोप येऊ लागतात. 'खडकवासल्यावर काळी टर्न', 'मुळशीला फ्रिगेटबर्ड', 'भिगवणच्या नावाड्याने विचित्र पक्षी पाहिला'. यातले काही खरे निघू शकतात, बरेचसे निघत नाहीत, आणि पुष्कळांचा निकाल कधीच लागत नाही. अशी नोंद समोर आली की ती तपासायची कशी, याबद्दल सतत विचारलं जातं त्याची ही उत्तरं.

मुळात समुद्रपक्षी पुण्यापर्यंत पोचू शकतो का?

पोचू शकतो. अलिबागचा किनारा आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर अंतर आहे. जो पक्षी वर्षातले बहुतेक दिवस उघड्या समुद्रावर काढतो, त्याला हे अंतर म्हणजे दोन-तीन तासांचं उड्डाण. सह्याद्री मध्ये येतो हे खरं, पण तो भिंतीसारखा सलग नाही. शिवाय पावसाळी वाऱ्याचा जोर साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वात जास्त असतो, आणि ती उंची आपल्या घाटमाथ्याच्या वर आहे. वाऱ्यात सापडलेला पक्षी माथा ओलांडून आला, तर त्याला पहिलं मोठं पाणी दिसतं ते धरणांचं: ताम्हिणीमागे मुळशी, वरंध्यामागे नीरा देवघर आणि भाटघर, त्यांच्या मधल्या पट्ट्यात पानशेत आणि वरसगाव. माझ्या मते वादळानंतर पहिल्यांदा हीच पाणी बघावीत. प्रत्यक्षात मात्र सगळे उजनीच्या पाण्याकाठी भिगवणला पळतात, कारण तिथे होड्या मिळतात आणि जेवणही चांगलं मिळतं.

कोणकोणत्या पक्ष्यांचा विचार करायचा?

सूटी टर्न आणि ब्रायडल्ड टर्न हे सर्वात आधी (टर्न म्हणजे सुरय). वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर ब्रायडल्ड टर्न वीण करतात, आणि लक्षद्वीपमधल्या पिट्टी बेटावर सूटी टर्न व ब्राउन नॉडी यांची वसाहत आहे. म्हणजे हे पक्षी आपल्या समुद्रात मुळीच परके नाहीत. त्यानंतर मास्क्ड बूबी, फ्रिगेटबर्ड, ट्रॉपिकबर्ड, शिअरवॉटर आणि विल्सन्स स्टॉर्म पेट्रल. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात दमून पडलेले समुद्रपक्षी सापडतात, त्यांत हीच नावं पुन्हा पुन्हा येतात.

वादळ येऊन गेलं होतं. मग नोंद खरीच असणार ना?

इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून थोडं सविस्तर.

वादळामुळे समुद्रपक्षी आत येण्याची शक्यता वाढते, यात वाद नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येकडे सरकताना पुणे जिल्ह्याला झोडपून गेलं. अशा वादळानंतरच्या चार दिवसांत मुळशीवर सूटी टर्न दिसली असं कुणी म्हणालं, तर ते ऐकून घेण्याजोगं आहे. तेच विधान जानेवारीतल्या एखाद्या शांत सकाळचं असेल, तर पुरावा फार भक्कम लागेल.

पण वादळानंतर आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे आपली अपेक्षा. एरवी ज्या टर्नकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिच्याकडे त्या आठवड्यात पन्नास दुर्बिणी लागलेल्या असतात आणि प्रत्येक दुर्बिणीमागच्या डोक्यात 'सूटी' हा शब्द आधीच घोळत असतो. म्हणून वादळानंतर खऱ्या नोंदी वाढतात तशा चुकीच्याही वाढतात. जवळपास एक पक्का पक्षी सापडला की पुढच्या दोन दिवसांत हाच परिणाम आणखी तीव्र होतो. वारा फक्त 'असू शकतो का' एवढंच सांगतो. 'होता का' हे पक्ष्याच्या अंगावरच्या खुणांवरूनच ठरवावं लागतं.

हवामान नेमकं कसं तपासायचं?

त्या बाबतीत पुणेकरांना तक्रारीला जागा नाही. हवामान खात्याचं मोठं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं, अजूनही जुने लोक त्याला 'सिमला ऑफिस' म्हणतात, आणि पाषाणला उष्णदेशीय हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे. चक्रीवादळांचे मार्ग हवामान खातं प्रसिद्ध करतं. त्या मार्गाशी नोंदीची तारीख आणि जागा ताडून बघा.

तीन गोष्टी पाहायच्या. वादळाचं केंद्र कुठून गेलं, त्या वेळी आपल्याकडे वारा समुद्रावरून येत होता की जमिनीवरून, आणि नोंद त्यानंतर किती दिवसांनी झाली. तौक्ते हे मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि गुजरातेत उनाजवळ जमिनीवर आलं. ते निसर्गसारखं पुण्यावरून गेलं नाही. दोन्ही वादळं मोठी, पण 'वादळ झालं होतं' या एका वाक्यात दोघांना बसवून चालणार नाही.

पूर्वेकडेही लक्ष असू द्या. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं, तेलंगण ओलांडून सोलापूर-पुण्यावर कोसळलं आणि पुढे अरबी समुद्रात उतरलं. उजनीच्या पाण्यावरचा पक्षी कोकणातूनच आला पाहिजे असं काही नाही.

कुठले नेहमीचे पक्षी फसवतात?

नोंद तपासण्याचं अर्धं काम इथेच होतं. समुद्रपक्ष्याची चित्रं पाठ असून भागत नाही, आपल्याकडचे रोजचे पक्षी सगळ्या वयांत आणि सगळ्या पिसाऱ्यांत ओळखता आले पाहिजेत.

टर्नपासून सुरुवात करू. सूटी टर्न वरून काळी, खालून पांढरी. आपल्याकडे एप्रिल-मेपर्यंत रेंगाळणाऱ्या व्हिस्कर्ड टर्नचा विणीचा पिसारा याच्या बरोबर उलटा असतो: पाठ राखाडी, पोट गडद, गाल पांढरे. 'काळी टर्न' एवढंच लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की काळं वर होतं की खाली. गंमत म्हणजे याचं उत्तर बऱ्याच जणांना देता येत नाही. त्यातून सूर्य समोर असेल तर साधी नदी सुरयसुद्धा काळी दिसते. म्हणून ऊन कुठल्या बाजूला होतं ही माहिती फुटकळ नाही. सूटीचं वर्षाच्या आतलं पिल्लू मात्र जवळजवळ सगळं काळपट तपकिरी असतं आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. आपल्याकडची दुसरी कुठलीच टर्न तशी दिसत नाही, त्यामुळे चांगला फोटो असेल तर असं पिल्लू प्रौढापेक्षा सोपं.

फ्रिगेटबर्ड म्हणून सांगितलेली नोंद घार निघण्याचा धोका सर्वात मोठा. पंखांची टोकं पाहा. घारीची बोटं पसरल्यासारखी सुटी दिसतात, फ्रिगेटबर्डचा पंख लांब, कोनात मोडलेला आणि टोकाला अणकुचीदार. शेपटीच्या खाचेवर फार विसंबू नका, कारण मधली पिसं गळलेल्या घारीची खाचही खोल दिसते. घार शेपटी सतत पिळत वळते. फ्रिगेटबर्ड मिनिटेच्या मिनिटे पंख न हलवता तरंगतो आणि लांब शेपटी बहुधा मिटून एका टोकासारखी धरतो.

स्टॉर्म पेट्रलच्या बाबतीत संशय घ्यायचा तो पाकोळीवर. काळसर अंग, पांढरी कंबर, पाण्यालगत भरभर उडणं, हे सगळं आपल्या पुलांखाली घरटी करणाऱ्या लिटल स्विफ्टला तंतोतंत लागू पडतं. ढगाळ संध्याकाळी खडकवासल्याच्या पाण्यावर शेकड्यांनी उतरतात त्या. पेट्रल पाण्यावर पाय टेकवत, जागच्या जागी नाचल्यासारखा खातो, आणि विल्सन्सचे पाय उडताना शेपटीमागे डोकावतात. वर्णनात पायांचा उल्लेखच नसेल तर मी पुढे जात नाही.

मास्क्ड बूबी म्हणजे पांढरं अंग आणि पंखांची मागची कड काळी. हेच वर्णन मुग्धबलाकाला बसतं आणि इजिप्शियन गिधाडालाही बसतं. मुग्धबलाकाचे पाय मागे लांब लोंबतात, गिधाड उंचावर घिरट्या घालतं. बूबीची चोच भाल्यासारखी आणि उडणं ताठ, पाण्याला धरून.

ट्रॉपिकबर्डबद्दल एवढंच: लांब पांढरी शेपटी पाहून हुरळून जाण्याआधी स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आठवा. आणि लांब शेपटी काळी असेल, पंख पांढरे असतील आणि तळ्यावर कमळं असतील, तर तो विणीच्या पिसाऱ्यातला कमळपक्षी.

'घारीपेक्षा मोठा होता' या विधानाला किती किंमत द्यायची?

शेजारी घार असेल तर पुष्कळ. नसेल तर जवळजवळ शून्य. उघड्या पाण्यावर किंवा मोकळ्या आकाशात अंतराचा अंदाज चुकतो, आणि अंतर चुकलं की आकार चुकतोच. सूटी टर्नच्या पंखांचा विस्तार ८२ ते ९४ सेंटीमीटर, लेसर फ्रिगेटबर्डचा पावणेदोन मीटरहून जास्त, हे आकडे माहीत असणं चांगलं. पण ते लागू करायला फोटोत किंवा आठवणीत तुलनेसाठी दुसरा पक्षी हवा.

फोटो आहे. आता तरी प्रश्न मिटला?

फोटोमुळे प्रश्न बदलतो. 'काय पाहिलं' ऐवजी 'हा फोटो कुठला, कधीचा आणि त्यात खरोखर काय दिसतंय' असं विचारावं लागतं.

मूळ फाइल मागा. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून तारीख, वेळ आणि जागेची माहिती गळून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. पाठवणाऱ्याचा अपमान होईल म्हणून लोक हे मागायला कचरतात. खरं तर ज्याच्याकडे मूळ फाइल आहे तो आनंदाने देतो. टाळाटाळ होते ती बहुधा फोटो त्याने स्वतः काढलेला नसतो तेव्हा. कोकणात दापोलीकडे किनाऱ्यावर काढलेला फोटो तीन ग्रुप फिरून 'आज सकाळी, पानशेत' या ओळीसह परत येतो, आणि यात कुणी मुद्दाम खोटं बोललेलं असतंच असं नाही. 'पानशेतच्या मित्राने पाठवला' मधला 'मित्राने' वाटेत गळतो, इतकंच.

आधीचे आणि नंतरचे फोटोही मागा. पक्ष्याच्या एकुलत्या एका नेमक्या फोटोपेक्षा आजूबाजूची बारा भिकार चित्रं जास्त बोलतात: धरणाची भिंत, मागचा डोंगर, पाण्याची पातळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पानशेतचा काठ उघडा, तांबडा असतो. फोटोत तुडुंब पाणी असेल तर तारखेबद्दल विचारायला हवं. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, तेही अशा चित्रांतूनच कळतं.

आणि मोबाइलचा झूम. हल्लीचे फोन लांबच्या ठिपक्यावर स्वतःच्या अंदाजाने पिसं, कडा, डोळे रंगवतात. अशा चित्रात कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्यामागे जातो की नाही यावर वाद घालणं व्यर्थ आहे, तो पट्टा फोनने काढलेला असू शकतो. त्यापेक्षा हलता व्हिडिओ कितीही अस्पष्ट असला तरी बरा, उडण्याची ढब त्यात राहते. पूर्णपणे यंत्राने बनवलेली चित्रंही आता येतात. तिथेसुद्धा मूळ फाइल आणि आजूबाजूचे फोटो हाच पहिला उपाय.

ॲपने ओळखलं, ते ग्राह्य धरायचं का?

धरू नका. मर्लिनसारखं ॲप जागा आणि तारीख पाहून शक्य पक्ष्यांचे पर्याय पुढे ठेवतं. म्हणजे भरकटलेल्या पक्ष्याच्या बाबतीत, जिथे मदत हवी नेमकं तिथेच, ते लंगडं पडतं. जागा दिली तर ते खऱ्या सूटीलाही दुसरं काहीतरी ठरवेल, आणि जागा न देता विचारलं तर पॅसिफिकमधली टर्नसुद्धा सुचवेल.

फोटो नाही, फक्त वर्णन आहे. तर?

वर्णनही पुरू शकतं. कॅमेरे घरोघरी येण्याआधीच्या कितीतरी नोंदी वर्णनावरच उभ्या आहेत. प्रश्न असतो तो वर्णन कधी आणि कसं लिहिलं याचा.

पाहिल्यावर लगेच, पुस्तक किंवा फोन उघडण्याआधी लिहिलेल्या चार ओळी सर्वात मोलाच्या. पुस्तक पाहून झालं की आठवण आणि चित्र एकमेकांत मिसळतात, आणि मग कुणालाच ती वेगळी काढता येत नाहीत, पाहणाऱ्यालाही नाही. वर्णनात पुस्तकातली प्रत्येक खूण ओळीने आली असेल तर मला शंका येते. उलट 'शेपटी नीट दिसली नाही, पायांचा रंग कळला नाही, पण पाठ आणि डोक्यावरची टोपी एकाच काळ्या रंगाची होती, मध्ये फिकट पट्टा नव्हता' असं लिहिणारा माणूस विश्वास ठेवण्याजोगा वाटतो.

अंतर, वेळ, ऊन, दुर्बीण कुठली, किती मिनिटं पाहिलं, पक्षी काय करत होता आणि दुसऱ्या कुठल्या पक्ष्यांचा विचार करून ते का बाद केले, एवढं असलंच पाहिजे. शेवटचा मुद्दा सहसा वगळला जातो. खरं तर नोंदीचा कणा तोच आहे.

पाहणारे तीस वर्षं पक्षीनिरीक्षण करतायत. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा?

त्यांच्यावर नाही. तपासायची असते ती लिहिलेली नोंद, माणूस नव्हे. पन्नास वर्षांनी ती नोंद वाचणाऱ्याला हे काका कोण होते ते ठाऊक नसेल, त्याच्यापुढे फक्त कागद असेल. 'अमुक सरांनी पाहिलं म्हणजे असणारच' हे वाक्य आपल्याकडे फार चालतं, आणि त्याची दुसरी बाजू जास्त त्रासाची आहे: कॉलेजातल्या पोरीने नीट टिपणं काढून दिलेली नोंद 'नवीन आहे अजून' म्हणून बाजूला पडते. दोघांनाही तेच प्रश्न विचारा. ज्येष्ठ मंडळींना उशिरा आणि जरा आदबीने विचारा हवं तर, पण विचारा.

चौघांनी मिळून पाहिलं असेल तर?

चौघांनी वेगवेगळं लिहिलं का, ते विचारा. एकाने 'सूटी!' असं ओरडल्यावर बाकी तिघांनी जे पाहिलं, ती एकच साक्ष समजा.

नावाड्याने किंवा मच्छीमाराने सांगितलेलं किती मानायचं?

उजनीच्या पाण्यावर रोज असणारा माणूस 'हा पक्षी मी कधी पाहिला नाही' म्हणतो तेव्हा कान टवकारावेत. पक्ष्याची जात कुठली हे त्याने सांगावं अशी अपेक्षा नको, आणि त्याच्यापुढे चित्रांचं पुस्तक धरून 'हा होता का?' असंही विचारू नका, आपल्या उत्साहाला मान देऊन तो हो म्हणेल. पक्षी काय करत होता, कुठे बसला, कशाएवढा होता, रोजच्या कुठल्या पक्ष्याहून वेगळा कशात, एवढं विचारा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः जा. बसला होता का, याचं उत्तर विशेष कामाचं. ब्रायडल्ड टर्न तरंगत्या ओंडक्यावर बसते. सूटी पाण्यावर बसणं टाळते, तिची पिसं पाण्यात भिजतात.

सूटी की ब्रायडल्ड हेच ठरत नाहीये.

मग 'सूटी किंवा ब्रायडल्ड टर्न' असंच नोंदवा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तशी सोय आहे. ठरवायचं असेल तर कपाळ पाहा: सूटीचा पांढरा भाग रुंद आणि डोळ्यापाशी थांबणारा, ब्रायडल्डचा अरुंद आणि डोळ्यामागे भुवईसारखा गेलेला. सूटीची पाठ टोपीइतकीच काळी, ब्रायडल्डची करडी-तपकिरी आणि मानेवर फिकट पट्टा. लांबून आणि पावसात यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा जोडनाव लिहिण्यात कमीपणा नाही.

ई-बर्डवर माझी नोंद 'अनकन्फर्म्ड' दाखवतात. मला खोटं ठरवलं का?

नाही. तुमच्या यादीत ती तशीच राहते, फक्त सार्वजनिक नकाशांत येत नाही. 'सिद्ध झाली नाही' आणि 'चुकीची आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्यापुढे तुम्ही पाहिलेला पक्षी नसतो, तुम्ही लिहिलेला असतो. जुना फोटो सापडला, दुसऱ्या कुणाचा त्याच दिवसाचा व्हिडिओ मिळाला, तर नोंद पुन्हा उघडता येते. त्यामुळे रागाच्या भरात ती पुसून टाकू नका. हे मी ऐकीव सांगत नाही, पुसणारे पाहिले आहेत.

पक्षी दुसरीकडून आणलेला असू शकतो का?

ही शक्यता विसरली जाते. कोकणात किनाऱ्यावर सापडलेला आजारी पक्षी कुणीतरी दयेपोटी गाडीत घालून पुण्याला उपचारांसाठी आणू शकतं. पुढे तो इथे सुटला किंवा सोडला गेला, तर 'पुण्यात सापडला' एवढंच मागे उरतं. शहरात, पाण्यापासून लांब सापडलेल्या पक्ष्याच्या बाबतीत आधी आसपासच्या उपचार केंद्रांत चौकशी करा. पायात दोरी, कातरलेली किंवा घासलेली पिसं आहेत का तेही बघा.

दमलेला, जिवंत पक्षी अंगणात सापडला. काय करू?

ओळख नंतर. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला जुना टॉवेल घालून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो घरी ठेवून घेता येत नाही. पाव, दूध, भात काही देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका, आणि 'समुद्रपक्षी आहे' म्हणून बादलीत किंवा तळ्यात तर मुळीच सोडू नका. भिजलेल्या पिसांचा दमलेला पक्षी तिथेच बुडतो.

बूबी असेल तर दोन गोष्टी जपा. तो थेट डोळ्यांवर चोच मारतो, त्यामुळे चेहरा लांब ठेवा. आणि चोच बांधू नका किंवा मुठीत आवळून धरू नका. बूबीला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कडेने श्वास घेतो. चोच बंद केली तर गुदमरून मरेल.

खोक्यात ठेवण्याआधी दहा सेकंदांत चार फोटो काढता आले तर काढा: डोकं बाजूने, पाठ, पोट, पसरलेला पंख. त्यापेक्षा जास्त वेळ नको.

आणि मेलेला सापडला तर?

उघड्या हातांनी उचलू नका, बर्ड फ्लूचा धोका गृहीत धरा. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं आहे का पाहा आणि असेल तर त्यावरचा क्रमांक दोनदा टिपून घ्या. जागा आणि वेळ लिहा, वनविभागाला कळवा. पक्षी जपून ठेवायचा की नाही हे त्यांच्या परवानगीनेच ठरेल. ठेवायचं ठरलं तर मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३ पासूनची परंपरा असलेला संग्रह आहे, तिकडे तो जावा असा आग्रह धरा. तोवर कुत्र्यांपासून वाचवा. पोचायला तासभर उशीर झाला तर नुसती पिसं उरतात, पण तीही गोळा झाल्याशिवाय कुणाला झाडून टाकू देऊ नका: पंखाच्या एका लांब पिसावरूनही जात ठरू शकते.